वेड म्हणजे बुधवार

वडगाव, बेळगाव
१२ जानेवारी

स्वरूपा,

फोन उचलत नाहीस. मेसेजपुढं एकच खूण येते, म्हणजे नंबरही बंद करून ठेवलायस. म्हणून पोस्टानं लिहिते. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकशील असंही मनात आलं. पण शाळेत शिकवणारी तू, लिहिलेला कागद न वाचता टाकणं तुला जमायचं नाही.

आधी तब्येत. सहावा संपत आला. पायांना सूज आहे का? उभं राहून शिकवू नकोस, खुर्ची मागून घे. त्यात लाज कसली?

रविवारी तू आलीस, चहासुद्धा न घेता उभ्याउभ्या बोललीस आणि पुढच्याच गाडीनं निपाणीला परत गेलीस. आण्णाप्पा काकांनी तुला फोन करून सांगितलं, तुझी आई एका कन्नड म्हाताऱ्याबरोबर गुंजीच्या गाडीतून उतरली. दारात तू म्हणालीस, "आप्पांना जाऊन तीन वर्षंपण झाली नाहीत. बाळंतपणाला मी इथं येणार नाही. आणि तूही निपाणीला येऊ नकोस." मला उत्तर द्यायला तू वेळच दिला नाहीस. ते आता देते.

हे सगळं तू दिलेल्या खेळापासून सुरू झालं. आप्पा गेले, घरचे विणायचे माग काकांनी चालवायला घेतले, मला सुताच्या कांड्या भरायचंही काम उरलं नाही. दिवसभर घरातून अंगणात, अंगणातून घरात. ते बघून तूच माझ्या फोनमध्ये तो अक्षरांचा खेळ घालून दिलास. गोलात पाच-सहा इंग्रजी अक्षरं असतात, बोटानं एकाला एक जोडायची, शब्द झाला की हिरवा होतो. दहावीचं माझं इंग्रजी, तरी दोन दिवसांत जमायला लागलं. पण शब्द हिरवा झाला तरी मला पुढं जाववेना. टी, ए, आर, ई जोडून मी 'टेअर' केलं, ते हिरवं झालं, आणि ते काय ते मला ठाऊक नाही! तुला फोन केला. तू वर्गात होतीस. "आई, शब्द झाला ना? मग पुढं जा. अर्थाचं तुला काय करायचंय?"

मी पुढं गेले नाही, आपल्या गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात गेले. तिथं मोठा इंग्रजी शब्दकोश आहे, पण अर्थ कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळते. टेबलाशी एक गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांनी वाचून दाखवलं. रिकाम्या पोत्याचं, डब्याचं वजन, जे मालातून वजा करतात ते. मी म्हणाले, "मग सरळ बारदान म्हणा की." ते हसले.

हे नागराज मास्तर. रेल्वेत होते, गुंजीला स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. पत्नी वारल्यावर वडगावात बहिणीकडं राहायला आले. त्यांच्याकडं अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या आणि पट आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जमतो आणि खेळतो. एवढंच आहे. गुंजीला मी माऊली देवीच्या दर्शनाला गेले होते. परतीच्या गाडीत मास्तर योगायोगानं भेटले.

आता यात काय वाईट आहे ते तू मला सांग.

सातव्यात डोहाळजेवण करायचं, तर कुठं, ते कळव. हिरवी साडी इथल्याच मागावरची आणून ठेवली आहे. मधे दोनदा उठून दाराशी जाऊन आले, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे.

तुझी,
आई

*

वडगाव
३० जानेवारी

स्वरूपा,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. "खोटं लिहू नकोस. वाचनालयातल्या राजाबाईंना मी फोन केला होता."

वाचून मी बाहेर पडले ती बाजारापर्यंत चालत गेले, काही न घेता परत आले. मग परत गेले. मला एका जागी बसवत नाही हल्ली.

बरं. राजाबाईंनी तुला खरं तेच सांगितलं. पाच-सहा जण दिवाळीपर्यंत येत होते. कॉलेजची दोन पोरं परीक्षा आली म्हणून थांबली, बँकेतल्या बाईंची बदली झाली, कोणी कंटाळलं. राहिलो आम्ही दोघं. मी तुला पाच-सहा जण लिहिलं, कारण दोघं लिहिताना हात थांबला. दोघंच बसून खेळण्यात काही वाईट नाही असं मला खरंच वाटत असतं, तर हात थांबला नसता. हे तूही ओळखलं असशील.

मग सगळंच सांगते. आम्ही कसे खेळतो ते. त्यांनी शब्द लावला की मी विचारते, याचा अर्थ काय? पहिल्या दिवशी ते म्हणाले, "या खेळात अर्थाला गुण न्हाईत, जयाबाई." मी म्हणाले, "असू दे. मला कळल्याशिवाय मी माझी खेळी करणार न्हाय." तेव्हापासून ते शब्दकोश शेजारी घेऊन बसतात. ते कन्नड सांगतात, मी मराठी सांगते. 'आयर' म्हणजे त्यांचं सिट्टु, आपला राग. 'डिन' म्हणजे त्यांचं गद्दल, गोंगाट. मी म्हटलं, आपल्याकडंही गद्दलच म्हणतात, आणि नुसतं ऐकायचं असेल तर आमच्या दाराशी या, खाली माग चालू असतात. 'रू' म्हणजे दोघांचाही पश्चात्ताप. तिथं भांडायला काही उरलंच नाही. एक डाव संपायला अख्खी दुपार जाते. कोण जिंकलं ते घरी येईपर्यंत मी विसरलेली असते, शब्द तेवढे लक्षात राहतात.

डिसेंबरमध्ये एक दिवस त्यांनी तीन सोंगट्या लावल्या. डब्ल्यू, ई, डी.

मी म्हटलं, "वेड?"

"वेड."

"आमच्यात वेड म्हणजे वेड. तुमच्यात काय? बुधवार व्हय? कॅलेंडरवर असतंय बघा असं."

त्यांनी शब्दकोशाला हातच लावला नाही. पटाकडं बघत म्हणाले, "होय. बुधवारच."

पण स्वरूपा, नियम त्यांनीच मला शिकवले होते. माणसाचं नाव चालत नाही, गावाचं नाव चालत नाही, शब्द तोडून आखूड केलेला चालत नाही. बुधवार चालायचाच नाही. आणि त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. मी गुण मांडून घेतले आणि घरी आले. ट्रंकेत तुझा शाळेचा इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, तो काढला. वेड, विवाह करणे, विवाहबद्ध होणे.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं ठरवलं आणि नेहमीपेक्षा लवकर गेले. त्यांनी सोंगट्या मांडायच्या आधीच मी म्हणाले, "मास्तर, कालच्या बुधवारचे गुण मी कापलेत. आखूड शब्द चालत न्हाय."

ते बराच वेळ सोंगट्या ढवळत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे अर्थ बघितला तुम्ही."

"बघितला."

"मी तो मुद्दाम लावला नव्हता. अक्षरंच तशी आली होती."

"मग खोटं का सांगितलं?"

त्यांनी सोंगट्या वाटल्या. आम्ही खेळायला लागलो. मी त्या दिवशी लई वाईट हरले.

एवढंच घडलं. तू राजाबाईंना फोन केलास, तसा मलाच केला असतास तर हे सगळं सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण कदाचित नसतं सांगितलं. तोंडानं मला जमत नाही.

काकांनी काल जेवताना विचारलं, "वैनी, हे किती दिवस चालायचं? माझ्याकडं कामाला येणारे इचारत्यात. तुम्हांस्नी वेड लागलंय का?" मला एकदम हसू आलं. त्यांना काय कळणार मी का हसले. ताट सोडून उठले ते.

हिरवी साडी अजून कपाटात आहे.

आई

*

वडगाव
१९ फेब्रुवारी

स्वरूपा,

डोहाळजेवण झालं ते मला शेजारच्या सौम्याच्या फोनमध्ये दिसलं. फुलांची वाडी छान भरली होती कोणीतरी. तुझा चेहरा भरलाय. साडी निळी होती. बघून मी सौम्याला म्हणाले, मला बरं नव्हतं म्हणून गेले नाही. ती हो म्हणाली, तिलाही सगळं माहीत असणार.

अजून एक खोटं राहिलंय, ते आज काढून टाकते. गुंजीला मी माऊलीला गेले नव्हते. देवळाकडं पाऊलही टाकलं नाही. मास्तरही योगायोगानं भेटले नाहीत. आम्ही ठरवून एकत्र गेलो आणि एकत्र आलो.

मास्तरांचं गुंजीत दोन खोल्यांचं घर आहे, नोकरीत असताना बांधलेलं, बंदच असतं. कौलं फुटली होती, ती बघायला ते जाणार होते. मी म्हणाले, मीही येते. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच म्हणाले. का म्हणाले ते विचारशील तर, बेळगावातून बाहेर पडून मला वर्ष झालं होतं. खिडकीशी बसले, देसूर गेलं, खानापूर गेलं, झाडी सुरू झाली, आणि मला वाटलं ही गाडी थांबूच नये.

घराला पुढं ओटा आहे. त्यांनी कुलूप काढलं, आत जाऊन कौलं बघून आले. मी बाहेरच थांबले होते. ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "जयाबाई, माझं मराठी मोडकं. चुकलं तर संभाळून घ्या. त्या दिवशी अक्षरं तशी आली होती हे खरं. पण आली तेव्हा मला बरं वाटलं, हे पण खरं. लग्न करून या घरात राहायला याल काय? न्हाय म्हणालात तरी खेळ बंद करायचा न्हाय, एवढंच मागतो."

मी म्हणाले, "माझ्या लेकीला सहावा चाललाय."

"ते उत्तर न्हाय."

"सध्या तेवढंच हाय."

ते बरं म्हणाले. परत येताना आम्ही समोरासमोर बसलो. आणि स्टेशनवर काका उभे, कोणालातरी आणायला आलेले.

हे तुला आधी मी सांगायला हवं होतं. त्या रविवारी तू ओरडत होतीस तेव्हा एक वाक्य तू दोनदा म्हणालीस, मला ते नंतर ऐकू आलं. "मला काकाकडून कळलं." राग त्याचाच जास्त होता, होय ना?

आता मुद्द्याचं. मी सोडलं. दोन आठवडे झाले, वाचनालयात गेले नाही. मास्तरांना राजाबाईंच्या हातून निरोप दिला की लेकीचं बाळंतपण आहे, आता येणं होणार नाही. फोनमधला खेळही काढून टाकला. काका खूश आहेत, कालपासून मला जेवायला आधी वाढा म्हणतात.

पण डोकं ऐकत नाही. दुकानाची पाटी बघितली की अक्षरं सुटी होतात आणि दुसरीकडं जाऊन बसतात. दवाखान्याच्या दारावर 'ओपन' लिहिलं होतं, मी त्याचा 'पेन' आणि 'वन' करून मोकळी. ओ, डब्ल्यू, एन एवढ्या तीन अक्षरांत 'नाऊ' होतं, 'ओन' होतं आणि 'वन' म्हणजे जिंकलो तेही होतं. आत्ता, आपलं, जिंकलं. गंमत आहे की नाही? सांगायला कोणी नाही म्हणून तुला सांगितली. तू म्हणशील, अर्थाचं काय करायचंय.

तू सांगितलंस तसं मी केलं. आता तू घरी ये बाळंतपणाला. खोली सारवून घ्यायची पद्धत गेली, मी रंग काढून घेतलाय. खालचे माग दुपारी बंद ठेवायला काका तयार आहेत. ये.

आई

*

वडगाव
६ मे

स्वरूपा,

काल तुझ्याकडून निघाले तेव्हा रडत नव्हते, बसमधला वारा डोळ्यांना लागत होता. तुझ्या सासूबाईंनी दिलेली भाकरी-चटणी संकेश्वरला खाल्ली.

तुला प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि तुझ्या सासूबाईंनी, बायाक्कांनी, स्वतः फोन करून मला बोलावलं. तू बोलावलं नव्हतंस हे मला माहीत होतं. तरी आले. दारात तू मला बघून म्हणालीस, "डिंकाचे लाडू आणलेस का?" एवढ्यावर मी पायरी चढले. त्यानंतरचं सगळं तुला माहीतच आहे. किती कळा सोसल्यास, आणि मुलगी झाली तेव्हा माझा हात सोडला नाहीस. सव्वा महिना तिला न्हाऊमाखू घातलं. त्या दिवसांचं मी काही मागत नाही. ते माझेच होते.

पण परवा दुपारी तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. तू बाळाला पाजत होतीस, बायाक्का खाली बसून लसूण सोलत होत्या. तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "ते अजून येतात का वाचनालयात?"

"माहीत नाही. मी जात नाही."

"मी सांगितलं म्हणून?"

"होय."

"म्हणजे उद्यापासून ते माझ्या माथ्यावर. आई माझ्यामुळं एकटी राहिली. प्रत्येक सणाला तुझं तोंड बघून मला तेच आठवायचं." तू रडायला लागलीस. "मला तुझा त्याग पण नको आणि ते लग्न पण नको. मी काय करू, सांग."

मी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. बायाक्का तुझ्यादेखत काही बोलल्या नाहीत. नंतर मागच्या दारी धुणं वाळत घालताना त्यांनी मला धरलं.

"ईहीणबाई, एक सांगतो. माझा मालक गेला तवा मी तुमच्यापेक्षा ल्हान होतो. एकजण इचारत होता. तंबाखूच्या वखारीत होता, चांगला माणूस. मी पोराकडं बघून न्हाय म्हणलो. पोरगं मोठं झालं, चांगलंच झालं, त्येच्या संसाराला लागलं. त्येनं काय माझ्याजवळ बसून ऱ्हायाचं? पोरगी रुसत्याय, बाळंतीण हाय. चार वर्षांनी तिचा राग सरंल. तुमची चार वर्षं कुठनं आणायची?"

त्या एवढं बोलल्या आणि बादली उचलून आत गेल्या. त्यांना तू काही बोलू नकोस. मी त्यांचं ऐकून काही ठरवलं नाही, त्या बोलल्या तेव्हा माझं ठरलेलंच होतं. तू रडलीस ना, तेव्हाच ठरलं. मी सोडलं तर तू सुखी होशील असं मी धरून चालले होते. तू तर तशीही सुखी नाहीस. मग मी कोणासाठी सोडलं?

आज सकाळी वाचनालयात गेले. राजाबाई म्हणाल्या, मास्तर शिमग्यापासून आलेच नाहीत, पट-सोंगट्या इथंच ठेवून गुंजीला राहायला गेले. मी पट पिशवीत घातला आणि पुढच्या गाडीनं गेले. एकटी. ते ओट्यावर बसून कौलांचे तुकडे निवडत होते. मला बघून उठायला गेले आणि मांडीवरचा ढीग सगळा खाली आला.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. लेकीकडं मी वाटेल तेव्हा जाईन, विचारणार नाही. वडगावातलं माझं दार मी सोडणार नाही. आणि माझ्या लेकीनं तुम्हाला कोणत्याही नात्यानं हाक मारावी अशी अपेक्षा धरायची नाही.

ते म्हणाले, "मला कोणी बाबा म्हणायला नको. मी मास्तरच बरा हाय." मग म्हणाले, "आत तरी या. पाणी देतो."

पुढच्या महिन्यात खानापूरला लग्नाच्या सह्या करायच्या आहेत. हार-तुरे काही नाहीत. तुला बोलावत नाही. बोलावलं तर तुला नाही म्हणावं लागेल आणि ते दोघींनाही जड जाईल. तुझी परवानगीही मागत नाही, ती दिलीस काय, न दिलीस काय, तुलाच त्रास. फक्त कळवते. या वेळी तुला काकांकडून कळू नये.

काकांना अजून सांगितलेलं नाही. तू पहिली.

हे पाकीट आत्ताच टाकून येते, नाहीतर सकाळी परत वाचेन आणि पाठवणार नाही.

आई

*

गुंजी
२१ जुलै

स्वरूपा,

आता तू फोन करतेस, तरी लिहिते. फोनवर तू बाळ दाखवतेस, मी बाळ बघते, बोलायचं राहून जातं.

सह्या झाल्या. मास्तरांची बहीण आणि तिचा नवरा साक्षीला होते. काकांनी माझ्या खोलीला आपलं कुलूप लावलं, ते मी अजून काढायला सांगितलेलं नाही. सांगणार आहे. आप्पांचा फोटो मी बरोबर आणलाय. मास्तरांनी स्वतः खिळा ठोकला आणि त्यांच्या पत्नीच्या फोटोशेजारी लावला. दोघं अनोळखी माणसं बघ, एका भिंतीवर.

मी इथं फार सुखात आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आता लिहायचं नाही. पाऊस एवढा की कपडे, पीठ, मीठ, सगळं ओलं. मागांचा आवाज नाही तर दुपारी मला काही सुचत नाही, ओट्यावरून स्टेशनापर्यंत जाऊन परत येते. मास्तर म्हणतात, "कुठं गेला होतात?" मी म्हणते, कुठं नाही. त्यांना ते कळतं, परत विचारत नाहीत. भांडणंही होतात. ते डाव हरायला लागले की मुद्दाम सोपी अक्षरं माझ्याकडं सरकवतात, मला ते खपत नाही. काल मी 'एल' लावलं, ई आणि दोन एल. त्यांना वाटलं मी चुकले. शब्दकोशात निघालं, कापड मोजायचं जुनं माप. आपण हातावर मोजतो तसंच काहीसं. ते शब्दकोश मिटून म्हणाले, "तुम्हाला हा शब्द कसा ठाऊक?" मला ठाऊक नव्हता, मी आपले तीन तुकडे लावून बघितले होते. सांगितलं नाही.

आता कालचं. दर रविवारी तू फोन करतेस, आणि फोन नुसता बाळाकडं धरतेस. तुझा आवाज येतो, तू दिसत नाहीस. इकडं मास्तरांनीही एक नियम केलाय, तो तुला माहीत नाही. तुझा फोन वाजला की ते उठून दाराच्या आड जाऊन उभे राहतात. मी कधी सांगितलं नाही. फोन संपेपर्यंत तिथंच असतात. बाळ हसलं की मी हसते, त्यावरून त्यांना कळतं.

काल लाइट गेली, त्यांना अंधारात स्टूल दिसलं नाही, धडकले. तू विचारलंस, "कोण पडलं?" मी म्हणाले, मास्तर. तू म्हणालीस, "ते तिथं काय करतात?" मी म्हणाले, तुला अडचण नको म्हणून आड उभे राहतात, नेहमीच. मी दोनदा हॅलो म्हणाले. मला वाटलं रेंज गेली. मग तू म्हणालीस, "त्यांना सांग, उभं राहायची गरज नाही. गुडघे दुखत असतील. बसू देत समोर." आणि लगेच फोन ठेवलास.

तू ठेवल्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

ते आडूनच ऐकत होते. बाहेर आले, खुर्चीत बसले, परत उठले. पावसात अंगणात गेले, काही कारण नसताना बादली उलटी करून आले. केस पुसत मला म्हणाले, "बाळाचं नाव काय हो?"

स्वरूपा, बारसं होऊन महिने झाले. आम्ही घरात बाळ, बाळ असंच म्हणत होतो आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचा आपला हक्क नाही, असं मनात धरून बसले होते.

मी म्हणाले, "प्रियदर्शनी."

ते म्हणाले, "प्रियदर्शिनी."

"न्हाय. दर्शनी. मधे शि न्हाय. तिच्या आईनं असंच ठेवलंय, असंच म्हणायचं."

"दर्शनी," ते म्हणाले. मग परत पूर्ण म्हणाले. झोपाळ्यावर बसून म्हणाले, जेवताना म्हणाले. आता नीट येतंय.

रविवार अजून लांब आहे. त्यांनी पांढरा शर्ट आजच धुवून ओट्यावर वाळत घातलाय. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? तर म्हणाले, "या पावसात वाळायला वेळ लागतोय."

आई